उंची-वजनात न मावणारं शरीर
(प्रस्तावना)

केमोथेरपी सुरू होण्याआधी रुग्णाला वजनकाट्यावर उभं करतात आणि भिंतीला टेकवून उंची मोजतात. या दोन आकड्यांवरून शरीराचं पृष्ठफळ काढलं जातं आणि त्या हिशेबाने औषधाचे मिलिग्रॅम ठरतात. नांदेड असो, लातूर असो की मुंबईतलं परळ, रीत एकच. पृष्ठफळाचं जे सूत्र सर्वाधिक काळ वापरात राहिलं, ते द्यूबॉय आडनावाच्या दोघा अमेरिकन संशोधकांनी १९१६ साली मांडलं. त्यांनी मोजलेली माणसं होती अवघी नऊ, आणि मोजण्यामागचा हेतूही वेगळाच होता. शरीर किती उष्णता खर्च करतं हे त्यांना पाहायचं होतं. कर्करोगावर केमोथेरपी तेव्हा जन्मालाही आली नव्हती. पुढे औषधं आली, त्यांची मात्रा कशावर बेतायची हा प्रश्न आला, आणि हाताशी होतं ते सूत्र उचललं गेलं.

सूत्र वाईट आहे असं नाही. पण ते शरीर बाहेरून मोजतं. औषध रक्तात गेल्यावर यकृत त्याचं काय करणार, किरणांनी तुटलेला डीएनए पेशी किती लवकर सांधणार, यातलं काहीही वजनकाट्यावर दिसत नाही. एकाच वॉर्डात शेजारच्या खाटांवर सारख्याच उंचीच्या, सारख्याच वजनाच्या दोन बाया असतात. दोघींना एकच औषध, तेवढंच. एक तिसऱ्या दिवशी उठून डबा खाते. दुसरीचं तोंड आतून सोलवटतं, जुलाब थांबत नाहीत, पांढऱ्या पेशी तळाला जातात. घरी परतल्यावर शेजारीपाजारी म्हणतात, तिला औषध मानवलं नाही. का मानवलं नाही, हा या पुस्तकाचा विषय आहे.

किरणोपचारांत, म्हणजे आपल्याकडे ज्याला शेक किंवा लाईट म्हणतात त्यात, मात्रा ठरवण्याची पद्धत निराळी, पण अडचण तीच. तोंडाच्या किंवा घशाच्या कर्करोगाला साधारणपणे दिवसाला २ ग्रे, आठवड्यातून पाच दिवस, असे सहा-सात आठवडे किरण देतात. यापुढे जायचं नाही अशी रेषा प्रत्येक अवयवासाठी आखलेली आहे. अनेक अवयवांबाबत ती आखताना जुना हिशेब असा धरला गेला, की पाच वर्षांत १०० पैकी पाचांपेक्षा जास्त जणांना गंभीर इजा होऊ नये. म्हणजे उरलेल्या ९५ जणांच्या मात्रेवरची मर्यादा त्या पाच नाजूक शरीरांनी घातलेली असते. ते पाच कोण हे आधी कळलं असतं, तर त्यांना सांभाळता आलं असतं आणि इतर काहींना थोडा जास्त किरण देऊन गाठीवर अधिक जोर लावता आला असता. जगभर या विषयावर जे संशोधन चाललंय त्याच्या मुळाशी हीच साधी आशा आहे.

आशा साधी असली तरी उत्तरं साधी नाहीत, हे सुरुवातीलाच सांगतो. काही औषधांच्या बाबतीत जनुकांचा हात नक्की ठाऊक आहे आणि त्याची तपासणी आज करता येते. किरणांच्या बाबतीत, थोडे दुर्मिळ आजार सोडले, तर खात्रीने वापरावी अशी जनुक-तपासणी अजून नाही. कोणी विकायला आलं तर घेऊ नये, इतकं स्पष्ट मी म्हणेन.

आधी एक भेद. कर्करोगाच्या रुग्णात दोन प्रकारचे जनुकबदल पाहिले जातात. एक गाठीतले, जे आयुष्यात कधीतरी त्या पेशींमध्येच घडलेले असतात. दुसरे जन्मापासूनचे, आई-वडिलांकडून आलेले, अंगातल्या प्रत्येक पेशीत असणारे. बातम्यांत आणि जाहिरातींत पहिल्यांचा गाजावाजा जास्त असतो. औषध मानवतं की नाही, हे बहुतेक वेळा दुसऱ्यांवर ठरतं. बीआरसीए जनुकासारखी काही नावं दोन्हीकडे येतात आणि घोळ होतो. म्हणून कोणताही रिपोर्ट हातात आला की नमुना गाठीचा होता की रक्ताचा, हे आधी विचारावं.

जन्मजात फरकामुळे औषध जिवावर बेतू शकतं याचं सर्वांत बोलकं उदाहरण आपल्या शेजारीच आहे, आणि ते कर्करोगाचं नाही. आंध्र-तेलंगणातल्या वैश्य समाजात काही जणांमध्ये ब्युटिरिलकोलिनेस्टरेज नावाचं विकर जवळजवळ नसतंच. एरवी त्याने काही अडत नाही; माणूस ठणठणीत जगतो. पण ऑपरेशनच्या वेळी स्नायू सैल करायला सक्सिनिलकोलीन दिलं, तर जे काही मिनिटांत उतरायला हवं ते तासन् तास राहतं आणि तोवर श्वास यंत्रावर चालवावा लागतो. भूल देणाऱ्यांना हे ठाऊक असल्याने ते आधीच विचारून घेतात. नांदेड जिल्ह्यातही या समाजाची घरं आहेत. यात कमीपणाचं काही नाही. पिढ्यान् पिढ्या समाजातल्या समाजात लग्नं झाली, की एखाद्या पूर्वजाचा जनुकबदल पुढे दाट होत जातो. असं भारतातल्या कितीतरी समाजांत झालं आहे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दक्षिण आशियातल्या २६३ समूहांपैकी ८१ समूहांमध्ये हा परिणाम फिनलंडच्या लोकांपेक्षा किंवा अश्केनाझी ज्यूंपेक्षाही ठळक दिसला. म्हणून ‘भारतीयांत अमुक टक्के’ असं वाक्य वाचलं की जरा थांबावं. भारतीय म्हणजे कोणते भारतीय?

आता केमोथेरपीकडे. फ्लुरोयुरॅसिल हे औषध आणि त्याचीच गोळीरूपातली बहीण कॅपेसिटाबीन आतड्याच्या, जठराच्या, स्तनाच्या कर्करोगात सर्रास वापरतात. गोळी घरी घेता येते, सलाईन लावून पडून राहावं लागत नाही, त्यामुळे लांबच्या गावांतल्या रुग्णाला ती सोयीची. शरीरात गेलेल्या फ्लुरोयुरॅसिलपैकी ८० टक्क्यांहून जास्त औषध डीपीडी नावाचं विकर मोडून टाकतं. हे विकर बनवणाऱ्या डीपीवायडी जनुकात दोष असला तर औषध मोडत नाही आणि नेहमीची मात्रा त्या माणसापुरती कितीतरी पट होऊन बसते. त्रास बहुधा पहिल्या-दुसऱ्या फेरीतच दिसतो: तोंड येणं, न थांबणारे जुलाब, ताप, रक्तातल्या पेशी कोसळणं. नेदरलँड्समध्ये १,१०३ रुग्णांची आधी तपासणी करून उपचार केले, तेव्हा ८५ जणांत असा बदल सापडला. त्यांची मात्रा सुरुवातीपासूनच कमी ठेवली गेली. हा अभ्यास २०१८ साली आला. २०२० मध्ये युरोपच्या औषध नियामकाने उपचाराआधी ही कमतरता तपासावी अशी शिफारस केली.

मेख पुढे आहे. या तपासणीत साधारणपणे जे चार बदल पाहतात, ते मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांवरून निवडलेले आहेत. ते सापडले तर रिपोर्ट उपयोगाचा, मग रुग्ण किनवटचा असो की कोपनहेगनचा. पण सापडले नाहीत, म्हणून औषध बिनधोक मानवेल असं औशाच्या रुग्णाला सांगता येत नाही. रिपोर्टवर ‘निगेटिव्ह’ असलं तरी पहिल्या दोन फेऱ्यांत डोळ्यांत तेल घालून बसावंच लागतं.

जाता जाता एक गोष्ट. कॅपेसिटाबीनने तळहात-तळपाय लाल होतात, सालं निघतात. सिंगापूरच्या एका रुग्णाच्या बोटांचे ठसेच या औषधामुळे पुसले गेले आणि अमेरिकेच्या विमानतळावर त्याला तासन् तास अडवून ठेवलं, असा वृत्तान्त २००९ साली वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. आपल्याकडे विमानतळाची गरज नाही. रेशन दुकानात अंगठा लागला नाही की पुरे.

इरिनोटेकान हे आतड्याच्या कर्करोगातलं दुसरं औषध. ते शरीराबाहेर काढणाऱ्या यूजीटी१ए१ या जनुकाचा एक मंद प्रकार असतो. तोच गिल्बर्टच्या काविळीमागे असतो. ही कावीळ निरुपद्रवी: एकादशीचा किंवा नवरात्राचा कडक उपास झाला की डोळे पिवळसर होतात आणि दोन दिवसांत निवळतात. मधल्या काळात कोणी गावठी औषध घेतलं असेल तर श्रेय त्याला मिळतं. अशा माणसाला इरिनोटेकान नेहमीच्या मात्रेत दिलं तर पांढऱ्या पेशी जास्त घसरण्याचा धोका असतो. म्हणजे ‘मला अधूनमधून कावीळ होते’ हे वाक्य केसपेपरावर यायला हवं. ते सहसा येत नाही, कारण ते कोणी विचारत नाही.

मुलांच्या रक्ताच्या कर्करोगातली गोष्ट आपल्यासाठी अधिक महत्त्वाची आहे. ६-मर्कॅप्टोप्युरीन ही गोळी गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांच्या प्रयोगशाळेत घडली. १९५३ पासून ती वापरात आहे आणि १९८८ च्या नोबेल पुरस्कारात त्या कामाचा वाटा होता. तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया झालेल्या मुलाला ही गोळी महिनोन् महिने रोज घ्यावी लागते. काही मुलांत तिने पेशी भयंकर उतरतात. पाश्चात्त्य देशांत याचं कारण टीपीएमटी या जनुकात सापडलं आणि पाठ्यपुस्तकांत तेच बसलं. भारतात ती तपासणी केली तर बहुतेक मुलं ‘ठीक’ निघायची, आणि पेशी तरीही उतरायच्या. २०१४ साली कोरियातल्या आतड्याच्या आजाराच्या रुग्णांमध्ये एनयूडीटी१५ या दुसऱ्याच जनुकाचा दोष पुढे आला. पुढच्याच वर्षी ल्युकेमियाच्या मुलांतही तो दिसला. युरोपीय वंशात तो विरळ, पूर्व आणि दक्षिण आशियात मात्र बराच. भारतात साधारण दहांतल्या एकाकडे त्याची निदान एक प्रत असते. ज्याच्या दोन्ही प्रती सदोष, त्याला नेहमीच्या मात्रेचा अगदी लहान हिस्सा पुरतो आणि तेवढ्यानेही तो बरा होऊ शकतो. इतकी वर्षं आपण दुसऱ्यांच्या जनुकांचा धडा पाठ करून आपल्या मुलांना तपासत होतो, याचं मला आजही आश्चर्य वाटतं.

किरणांच्या बाबतीत पुरावा कोठून आला ते पाहू. अटॅक्सिया टेलँजिएक्टेशिया या दुर्मिळ आजारातली मुलं चालताना तोल सांभाळू शकत नाहीत, डोळ्यांच्या पांढऱ्या भागात लाल केशवाहिन्या उमटतात आणि त्यांना कर्करोगही लवकर होतो. १९६० च्या दशकात अशा मुलांना नेहमीसारखा किरणोपचार दिला, तेव्हा त्वचा आणि आतले अवयव अक्षरशः जळाले. १९७५ साली त्यांच्या पेशी प्रयोगशाळेत किरणांखाली तशाच हळव्या ठरल्या. १९९५ मध्ये तेल अवीवच्या योसेफ शिलोह यांच्या गटाने एटीएम हे जनुक शोधलं. डीएनए तुटल्याची वर्दी पेशीला देणं हे त्याचं काम.

पण आजार नसलेल्या सामान्य माणसांत फरक असतो का? स्वीडनमध्ये गॉथेनबर्गला इंगेला ट्युरेसन यांनी स्तनाच्या कर्करोगाच्या अशा स्त्रियांची वर्षानुवर्षं पाहणी केली, ज्यांच्या छातीच्या दोन्ही बाजूंना किरण दिले होते. त्वचेवर पुढे उमटणाऱ्या लाल केशवाहिन्या एकाच बाईच्या डाव्या-उजव्या बाजूला सारख्याच दिसत. फरक पडे तो एका बाईत आणि दुसरीत. या नोंदींवरून २००२ साली मांडलेल्या गणितात या फरकाचा ८० ते ९० टक्के भाग योगायोगाचा नसून त्या-त्या व्यक्तीशी बांधलेला निघाला. इथून उत्साह वाढला. डीएनए दुरुस्तीच्या जनुकांतले लहानसहान बदल आणि किरणांचा त्रास यांची सांगड घालणारे शेकडो निबंध आले. कराडच्या कृष्णा वैद्यकीय संस्थेतही महाराष्ट्रातल्या ग्रामीण रुग्णांवर या दिशेने काम झालं आहे. मग २०१२ मध्ये ब्रिटनच्या १,६०० हून अधिक रुग्णांवर तोवर नावाजलेल्या बदलांची स्वतंत्र फेरतपासणी झाली. त्यातला एकही टिकला नाही.

याचा अर्थ जनुकांचा संबंध नाही असा नव्हे. एकेका जनुकाचा वाटा इतका लहान आहे, की तो दिसायला हजारो रुग्ण लागतात आणि प्रत्येकाच्या त्रासाची नीट नोंद लागते. युरोप-अमेरिकेत त्यासाठी चार हजारांहून अधिक रुग्णांचा एकत्र पाठपुरावा झाला. त्यात मराठवाड्यातलं कोणी असण्याचं कारणच नव्हतं.

आपल्या भागात एक प्रश्न मात्र विनाखर्च विचारता येतो: आई-वडील नात्यातले आहेत का? मामाच्या मुलीशी लग्न ही आपल्याकडे जुनी आणि मानाची सोयरीक. बहुतेक घरांत त्याने काही बिघडत नाही. पण दोघांकडे एकाच सदोष जनुकाची एकेक प्रत असली तर प्रत्येक बाळंतपणात चारांत एक अशी शक्यता, की मुलात दोन्ही प्रती सदोष येतील. फॅन्कोनी अ‍ॅनिमिया हा असाच आजार. स्वित्झर्लंडच्या ग्विडो फॅन्कोनी यांनी १९२७ मध्ये वर्णन केलेला. उंची कमी, अंगठा लहान किंवा नसलेला, कातडीवर डाग, आणि पाच-दहा वर्षांचं होताना रक्त कमी पडू लागतं. सगळ्यांत सगळी लक्षणं नसतात, हीच अडचण. अशा मुलांच्या पेशींना डीएनएचे विशिष्ट धागे सोडवता येत नाहीत. नेहमीच्या मात्रेतलं सायक्लोफॉस्फामाइड किंवा किरण त्यांना झेपत नाहीत. बोन मॅरो बदलण्याआधी त्यांना कितीतरी कमी मात्रा द्यावी लागते, हे पॅरिसच्या एलियान ग्लुकमन यांच्या गटाने १९८० च्या दशकात दाखवलं. तंबाखूला कधी हात न लावलेल्या, विशीतल्या मुलाला जिभेचा कर्करोग झाला, तर किरण सुरू करण्याआधी हा आजार मनात यायला हवा.

इथवर वाचून सगळा दोष जनुकांवर ढकलण्याचा मोह होईल. मराठवाड्यात तो टाळलाच पाहिजे. रुग्ण पहिल्यांदा येतो तेव्हाच हिमोग्लोबिन सात-आठ असतं. तंबाखू उपचार चालू असतानाही सुटलेली नसते. तोंड उघडत नसल्याने महिनाभर पातळ पदार्थांवर काढलेला असतो. मे महिन्यात नांदेडला पारा ४३-४४ च्या घरात जातो आणि बसच्या प्रवासात लघवीची गैरसोय नको म्हणून बायका पाणीच पीत नाहीत. सिस्प्लॅटिन किडनीला बाधतं आणि भरपूर पाणी हा त्यावरचा पहिला उतारा. ज्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे ‘भरपूर पाणी प्या’ हा सल्ला कागदावर किती सोपा आहे! अशा रुग्णाला त्रास झाला तर जनुक शोधण्याआधी रक्त, अन्न आणि पाणी पाहावं. त्याउलट, खाऊन-पिऊन सुदृढ माणूस पहिल्याच फेरीत कोसळला तर ‘अंगात ताकद नव्हती’ म्हणून विषय संपवू नये. तिथे तपासणी हवीच.

आणखी एक सवय मला जास्त घातक वाटते. रुग्ण किडकिडीत दिसतो म्हणून कुठलीही तपासणी न करता मात्रा आधीच कमी करायची. यात त्रास वाचतो, पण गाठही वाचते. टाटा हॉस्पिटलने २००३ ते २०११ दरम्यान गर्भाशयमुखाच्या पुढच्या टप्प्यातल्या कर्करोगाच्या ८५० स्त्रियांवर अभ्यास केला. नुसत्या किरणांनी पाच वर्षांनंतर आजारमुक्त राहिल्या ४३.८ टक्के, किरणांबरोबर आठवड्याला सिस्प्लॅटिन दिलं तेव्हा ५२.३ टक्के. शंभरातल्या आठ-नऊ जणींना त्या औषधाने तारलं. त्या कोण हे आधी कोणालाच सांगता आलं नसतं, म्हणून उलट्या शंभर जणींनी सोसल्या. पूर्ण मात्रा कोणाला आणि कमी कोणाला हे अंदाजाने नव्हे, तर माहितीने ठरावं, एवढाच या पुस्तकाचा आग्रह आहे.

ती माहिती इथे गोळा होऊ शकते का? नक्कीच. देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ साली बार्शीला सुरू झाली. त्यात बार्शीबरोबर मराठवाड्यातले परंडा आणि भूम हे तालुके होते. लातूर जिल्हा ज्यातून निघाला त्या उस्मानाबाद जिल्ह्यात, आताच्या धाराशिवमध्ये, १९९९ पासून १,३१,७४६ स्त्रियांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा अभ्यास झाला. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, हे २००९ मध्ये या खेड्यांनी जगाला दाखवलं. गावोगाव फिरणाऱ्या आरोग्यसेविकांच्या वह्यांवर ते उभं होतं. महात्मा फुले जनआरोग्य योजना आधी राजीव गांधींच्या नावाने २०१२ च्या जुलैमध्ये सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत नांदेड होतं. तेव्हापासून इथल्या कितीतरी रुग्णांचे केमो आणि किरण सरकारी कागदांवरून गेले. त्या कागदांवर कोणता उपचार आणि किती रक्कम हे असतं. कोणाला कितव्या दिवशी, किती त्रास झाला हे मात्र शोधावं लागतं. त्रासाची एक ते पाच अशी श्रेणी जगभर मान्य आहे. तो एक आकडा प्रत्येक फेरीनंतर केसपेपरावर लिहिला गेला तरी पुढच्या संशोधकाचं निम्मं काम होईल. १०,००० भारतीयांच्या जीनोमची माहिती २०२५ मध्ये खुली झाली आहे. जनुकांची बाजू पुढे सरकते आहे. अडलं आहे ते वॉर्डातल्या नोंदीपाशी.

पुढच्या प्रकरणांत औषधवार तपशील आहेत. कोणती तपासणी कधी उपयोगी आणि कधी नुसता खर्च, हे तिथे मांडलं आहे. वाचणारा डॉक्टर असेल असं धरलेलं नाही; रुग्णाबरोबर नंदिग्रामने किंवा लातूर एक्सप्रेसने मुंबईला जाणारा भाऊ, मुलगा, जावई डोळ्यांसमोर आहे. फाईल बहुधा त्याच्याच काखेत असते.

त्याच्यासाठी शेवटची एक बाब. जन्मजात बदलाचा रिपोर्ट एकट्या रुग्णाचा नसतो. डीपीवायडीचा दोष वडिलांत निघाला तर प्रत्येक भावंडात आणि मुलात तो असण्याची शक्यता निम्मी. घरात लग्नाची मुलगी असेल तर असा कागद लपवला जातो, हे आपल्याला माहीत आहे. म्हणून नीट समजून घ्यावं: हा आजार नव्हे, औषध घेण्याची वेळ आली नाही तर जन्मभर त्याचा पत्ताही लागत नाही. फॅन्कोनीचं तसं नाही. तिथे धाकट्या भावाचा बोन मॅरो थोरल्याला द्यायचा ठरला, तर आधी त्या धाकट्याचीही गुणसूत्रांची तपासणी झालीच पाहिजे, तो कितीही धडधाकट दिसत असला तरी.